तट नसलेले किल्ले

टेक्सासमध्ये चढ शोधायचा तर डोळ्यांत तेल घालून शोधावा लागतो. प्लेनोत तर हायवेचे पूल सोडले तर उंच असं काही नाही. अशा गावात मला घरमालक मिळाले ते गडकिल्ल्यांचं वेड असलेले. काका मूळचे साताऱ्याचे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी त्यांचं बालपण गेलं होतं आणि सपाट जमिनीवर चालणं हा प्रकार त्यांना उतारवयातही नीटसा पटलेला नव्हता. मी नागपूरची आहे हे कळल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. आमच्याकडे सीताबर्डीचा किल्ला आहे, असं मी ठणकावून सांगितलं. त्यावर चढताना धाप लागते का, त्यांनी विचारलं. नाही लागत, मी म्हटलं. मग टेकडी म्हण, असं म्हणून काकांनी वरच्या खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

हे दोन हजार तीन-चारच्या सुमाराचं. टेलिकॉम कंपन्या भराभर माणसं कमी करत होत्या आणि आम्ही वाचलेले लोक माना खाली घालून कोड लिहीत होतो. काकांच्या त्या ऐसपैस घरात वर आम्ही दोघी भाडेकरू आणि खाली काका एकटे. काकू त्याआधी दोन वर्षं गेल्या होत्या. काकांची सगळी नोकरी इथल्याच एका गावाच्या पाणीपुरवठा खात्यात झाली होती. त्यामुळे पाण्याचा पेला भरला की आधी तो खिडकीच्या उजेडासमोर धरायचा, निरखायचा आणि मगच तोंडाला लावायचा, ही त्यांची सवय. पंचतारांकित हॉटेलात नेलं असतं तरी त्यांनी तेच केलं असतं. एरवी माणूस अघळपघळ, बोलका, आपल्याच विनोदाला सगळ्यांच्या आधी हसणारा. एकच विषय निघाला की ते मिटून जायचे. तो विषय म्हणजे मीनल, त्यांची एकुलती एक मुलगी.

मीनल गाईगुरांची डॉक्टर. कॉलेजातल्या मित्राशी तिनं लग्न केलं. तो पश्चिमेकडच्या ग्रॅहम गावाजवळच्या एका रँचवाल्याचा मुलगा. कोर्टात सह्या झाल्यावर तिनं घरी फोन केला. काकूंनी आठवडाभर रडून घेतलं आणि मग लेकीला साडी पाठवली. काकांना मात्र जे लागलं ते लागलं. मुलगा अमेरिकन आहे याचं मला काही नाही, ते सांगायचे. आम्हांला कुणी विचारलं नाही, आमच्या दाराशी कुणी आलं नाही, याचं आहे. मुलीच्या घरी त्यांनी अजून पाऊल टाकलं नव्हतं. वर त्याला आधारही शोधून ठेवला होता. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नसतं, तिला मूल होईपर्यंत. त्यांच्या वडिलांनी आत्याच्या घरी कधी घोटभर पाणी घेतलं नव्हतं, तेव्हा आपणही घेणार नाही. हाच माणूस शुक्रवारी आमच्याबरोबर बार्बेक्यूवर ताव मारायचा आणि पितृपंधरवडा कधी आला नि कधी गेला याचा त्याला पत्ता नसायचा. सगळ्या जुन्या रूढींमधून त्यांनी सोयीची अशी ही एकच उचलून आणली होती.

दर रविवारी मीनलचा फोन यायचा. काका बरा आहे म्हणायचे, हवापाणी सांगायचे आणि रिसीव्हर माझ्या हातात द्यायचे. तिची-माझी ओळख झाली ती अशी. बाबा वेळेवर जेवतात ना, बीपीची गोळी विसरत नाहीत ना, प्लीज जरा लक्ष ठेव गं, असं ती विचारत-सांगत राहायची. तेवढा वेळ काका टीव्हीचा आवाज कमी करून बसलेले असायचे.

आणि थंडीच्या तोंडाशी रँचवरून पीकनचं खोकं यायचं. पीकन म्हणजे अक्रोडाची लांबट बहीण. मीनलचे सासरे स्वतः झाडांखाली वेचून, सोलून पाठवायचे. काका ते खोकं न उघडताच फ्रीजवर ठेवून द्यायचे आणि तुम्ही खा, असं आम्हांला सांगायचे. आम्ही खायचो. त्यांच्या रागावर आम्ही दोघींनी दोन हिवाळे चांगले काढले.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काकांनी हायवेवर गाडी चालवणं सोडलं होतं. मी नुकतंच लायसन्स काढलं होतं, एक जुनी कोरोला घेतली होती आणि हात बसायला लांबचा रस्ता हवा होता. एका शनिवारी काका म्हणाले, चल, तुला किल्ला दाखवतो. मला वाटलं, नेहमीची थट्टा. पण ते पांढरी कापडी टोपी घालून, बगलेत छत्री मारून तयारच होते. नकाशे प्रिंट करून टाचलेले, डब्यात दशम्या नि शेंगदाण्याची चटणी, आणि पाण्याचे दोन मोठे कॅन. टेक्साससारख्या सपाट मुलुखात किल्ले आहेत हे मला तेव्हा कळलं. दीडशे वर्षांपूर्वी पश्चिमेकडे नव्यानं शेतं करून राहिलेल्या गोऱ्या वस्तीकरांना तिथल्या मूळच्या कोमांची लोकांपासून जपायला सैन्यानं ते रांगेनं उभे केले होते.

किल्ल्यात शिरताच काकांचा पहिला प्रश्न ठरलेला. "पाणी कुठंय?" साताऱ्याकडचा माणूस गडावर गेला की आधी पाण्याचं टाकं शोधतो, बुरूज आणि तोफा मागाहून. तोफांनी गड पडायला महिने लागतात, पाणी संपलं की आठवड्यात आतूनच दार उघडतं, असं ते मला दर वेळी नव्यानं सांगायचे. ॲबिलीनजवळ फँटम हिल नावाचा एक किल्ला आहे. नावात हिल आहे म्हणून काका मोठ्या आशेनं गेले. तिथं टेकडी नावाला नव्हती. घरं कधीच जळून गेलेली, गवतात नुसती दगडी धुराडी उभी. काका इतके हिरमुसले की दशमीसुद्धा खाईनात. मग त्यांनी पाटी वाचली. चांगलं पाणी पुरेना म्हणून सैन्यानं तो किल्ला थोड्याच वर्षांत सोडला होता, असं तिथं लिहिलं होतं. अमेरिकेच्या सैन्यानं आपलं म्हणणं मान्य केलं, या आनंदात त्यांनी माझ्याही वाटणीची चटणी संपवली.

गडाच्या दारात वाकून उंबऱ्याला हात लावायचा आणि तो कपाळाला टेकवायचा, ही त्यांची दुसरी रीत. इथली अडचण अशी की या किल्ल्यांना तटच नाहीत. मधे कवायतीचं मैदान, भोवती बराकी, दवाखाना, बेकरी. तट नाही म्हणून दार नाही. काका मैदानाभोवती फेरी मारून, दार असतं तर कुठं असतं ते ठरवायचे, बूट काढायचे आणि तिथल्या गवताला हात लावायचे. जॅक्सबरोच्या किल्ल्यात पार्कची एक तरुण रेंजर हे पाहून धावत आली. म्हाताऱ्याचं काहीतरी पडलं असावं, असं समजून तीही गुडघ्यांवर बसून शोधायला लागली. खरं सांगायचा काकांना संकोच वाटला, म्हणून तेही तिच्याबरोबर शोधत राहिले. शेवटी तिला कुणाचंतरी एक बटण सापडलं. काकांनी थँक यू म्हणून ते खिशात टाकलं.

तट का नाहीत, याचं उत्तर त्यांनीच वाचून काढलं. कोमांची किल्ल्यावर चाल करून येतच नसत. ते चांदण्या रात्री घोड्यांवरून शेतांवर यायचे, घोडे पळवायचे, कधी माणसं मारायचे, कधी लेकरं उचलून न्यायचे आणि उजाडेपर्यंत कुठल्या कुठं गेलेले असायचे. सैन्याचे जड घोडे मागून धापा टाकत राहायचे. हे सांगताना काकांचे डोळे चमकायचे. ही तर आपली रीत, ते म्हणायचे. म्हणजे पहिले काही महिने काका किल्ले बघायला जायचे आणि आत उभे राहून बाहेरच्यांची बाजू घ्यायचे. मी एकदा विचारलं, प्लेनोत घर कुणी बांधलं, कोमांचींनी की तुम्ही? आपण इथं वस्तीकरांत मोडतो की नाही? काकांनी माझ्याकडे रागानं पाहिलं आणि डाव्या लेनमध्ये काय करतेस, असं विचारलं.

मग बेल्कनॅपच्या किल्ल्याजवळच्या एका लहानशा कबरस्तानात आम्ही गेलो. तिथं एकाच दगडावर एका बाईचं आणि तिच्या दोन लेकरांचं नाव होतं, आणि ते तिघं कसे मेले तेही. काकांनी टोपी काढली आणि पडलेल्या आवाजात ती नावं वाचली. त्यानंतर आपले हा शब्द त्यांनी कुणासाठीच वापरला नाही. सैन्यानं शेवटी कोमांचींचे घोडे गोळ्या घालून मारले आणि ते लोक पायी ओक्लाहोमाकडे गेले, हे त्यांनी मला नंतर सांगितलं, ते त्याच पडलेल्या आवाजात. दोघांनाही पाणी हवं होतं गं, ते म्हणाले, आणि या मुलुखात पाणी तेवढं नाही.

त्या वर्षीच्या दिवाळीत त्यांनी मागच्या अंगणात किल्ला केला. प्लेनोची काळी माती वाळली की भेगा पडतात, म्हणून दोन दिवस ते झारी घेऊन तिच्याभोवती होते. महाराष्ट्र मंडळातली पोरं पुण्याहून आलेले मातीचे मावळे घेऊन जमली. किल्ल्याला तट नव्हता, मधे पाण्याची वाटी होती आणि आजूबाजूला धुराडी. एका मुलीनं विचारलं, "काका, व्हेअर डू द गुड गाइज गो?" काकांनी मांडलेले मावळे पुन्हा गोळा केले. मग त्यांनी अर्धे मावळे आत ठेवले, अर्धे बाहेर, आणि सगळ्यांची तोंडं वाटीकडे केली. मंडळातल्या एक काकू बऱ्याच नाराज झाल्या. हा काय किल्ला, म्हणाल्या. मला मात्र तो आजही डोळ्यांसमोर दिसतो.

हे सगळे किल्ले कुठं आहेत, हे कळायला मला जरा वेळच लागला. प्लेनोतून पश्चिमेला निघालं की डेंटन, डिकेटर, जॅक्सबरो, आणि मग ग्रॅहम. म्हणजे मीनलची वाट. टेक्सासमध्ये दक्षिणेकडेही किल्ले आहेत, पण तिकडचा नकाशा काकांनी कधी काढला नाही. ग्रॅहमच्या अलीकडे तिच्या रँचकडे जाणारा फाटा लागतो. तो जवळ आला की काकांना हमखास खोकला यायचा, किंवा एकदम कोमांचींच्या घोड्यांची जात आठवायची. फाटा मागं पडला की खोकला थांबायचा. शनिवारमागून शनिवार हा माणूस लेकीच्या दारापासून पंधरा मिनिटांवर येत होता आणि आपल्या कॅनमधलं पाणी पिऊन परत जात होता. मला त्यांचा राग यायचा आणि वाईटही वाटायचं.

एप्रिलमध्ये आम्ही तिसऱ्यांदा बेल्कनॅपला गेलो, कारण काकांना तिथली जुनी विहीर पुन्हा बघायची होती. परतताना कुठलासा ओढा दाखवतो म्हणून त्यांनी मला आडरस्त्याला घातलं. ओढा काही मिळाला नाही. कोरोलाचा काटा मात्र लाल रेघेवर गेला आणि बॉनेटखालून वाफ यायला लागली. दोन्ही बाजूंना काटेरी तारा, तारांपलीकडे मेस्कीटची झुडपं आणि आमच्याकडे टक लावून बघणाऱ्या गाई. इंजिन थंड होईपर्यंत काकांनी मला बॉनेटला हात लावू दिला नाही. मग पहिला कॅन रेडिएटरमध्ये ओतला. मी गाडी सुरू केली तशी खालून धार लागली. पाइप फुटला होता. काकांनी बॉनेटखाली वाकून पाइपाला रुमाल बांधला आणि दुसराही कॅन ओतला. तोही त्याच वाटेनं गेला.

"संपलं," ते रस्त्यावरचा ओहोळ बघत म्हणाले.

टो ट्रकवाल्यांना फोन लावला तर ते म्हणाले, तीन-चार तास तरी लागतील. ऊन चढत होतं. काकांची गोळी घ्यायची वेळ होऊन गेली होती आणि गिळायला घोटभर पाणी नव्हतं. ते रस्त्याकडेच्या एका दगडावर छत्री उघडून बसले. मीनलचं घर इथून किती जवळ आहे ते मला माहीत होतं आणि त्यांनाही. पण तिचं नाव काढायची माझी हिंमतच झाली नाही. शेवटी माझ्याकडे न बघता तेच बोलले.

"मीनलला लाव."

मीनल गोठ्यात एका अडलेल्या गाईपाशी होती. फोन सासऱ्यांनी उचलला आणि तेच पिकअप घेऊन आले. उंच, पाठीत वाकलेले, पांढऱ्या मिशांचे. काकूंच्या अंत्यविधीलाही ते आले होते, हॅट हातात धरून मागं उभे राहिले होते आणि काका त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते, हे मला मीनलनं सांगितलेलं. आल्या आल्या त्यांनी पाण्याचा थर्मास पुढे केला. काका नो, थँक यू म्हणाले. त्यांनी काकांच्या सुकलेल्या ओठांकडे एकदा पाहिलं, आग्रह केला नाही आणि माझी गाडी पिकअपला बांधायला घेतली.

रँचमध्ये शिरल्यावर त्यांनी घराच्या अलीकडेच पिकअप थांबवली. ओकच्या झाडांखाली दगडांतून एक झरा येत होता आणि शेजारी खुंटीला पत्र्याचा मग टांगलेला होता. आमच्या घरची एक पद्धत आहे, ते म्हणाले, आणि सावकाश सांगायला लागले. त्यांची पणजी याच झऱ्यावर बादली घेऊन आली असताना कोमांचींच्या धाडीत मारली गेली. आजोबा तेव्हा पाळण्यात होते. पण ही वस्ती होण्याच्या कितीतरी आधीपासून कोमांचींचा तळ याच झऱ्यावर पडायचा. आजोबा मोठे झाले, धाडी संपल्या, ते लोक ओक्लाहोमात गेले. मग एक दिवस तिकडून एक म्हातारा कोमांची नातवाला घेऊन फाटकापाशी आला. नातवाला एकदा हे पाणी पाजायचं होतं. आजोबा बंदूक घेऊन दारात आले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग बंदूक आत ठेवली आणि हा मग स्वतः भरून नेला. दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. तेव्हापासून फाटकातून जो कुणी आत येईल त्याला आधी पाणी, नाव-गाव मागून. त्या म्हाताऱ्याची पतवंडं अजूनही वसंतात येऊन जातात.

एवढं सांगून त्यांनी तो पत्र्याचा मग झऱ्यात बुडवला आणि काकांपुढे धरला. काकांचा हात छत्रीच्या मुठीवरून हलेना. मला वाटलं, हा माणूस आता पुन्हा थँक यू म्हणणार, आणि मग या वाटेवर पुन्हा कधीच येणार नाही. तेवढ्यात गोठ्याकडून मीनल आली. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. बापासारखीच ठेंगणी, रबरी बूट, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत बरबटलेले. पाया पडायला वाकली आणि हातांकडे बघून तशीच थांबली.

"हात खराब आहेत, बाबा," ती म्हणाली. "नाहीतर मीच दिलं असतं."

काकांनी छत्री माझ्याकडे दिली. दोन्ही हातांनी तो मग घेतला, सवयीनं उजेडासमोर धरायला गेले, पत्र्यातून काय दिसणार म्हणून खाली घेतला आणि एका दमात सगळा प्यायले. मिशीवरून पाणी शर्टावर ओघळलं. मीनल रडत होती आणि हातांनी डोळे पुसता येत नव्हते म्हणून खांद्याला तोंड घासत होती. मीही रडले, त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं.

"गोड आहे," काका म्हणाले. मग सासऱ्यांकडे वळून त्यांनी इंग्रजीत विचारलं, ऐन ऑगस्टात झरा किती वाहतो? दोघं म्हातारे तिथंच दगडावर बसले आणि संध्याकाळपर्यंत एक बादली नि एक घड्याळ घेऊन झऱ्याचं पाणी मोजत राहिले. जावयानं माझ्या गाडीचा पाइप बदलून दिला. गाय सुटली, वासरू उभं राहिलं. परतीच्या वाटेवर फाट्याशी काका खोकले नाहीत. डिकेटर आल्यावर म्हणाले, नातवंड झाल्यावर पितातच की. मी जरा आधी प्यालो, इतकंच.

पुढच्या हिवाळ्यात पीकनचं खोकं आलं ते काकांनी स्वतः उघडलं आणि आपल्या खोलीत नेलं. आमचा खुराक बंद झाला. बोलण्यात सारखं आमचे व्याही म्हणतात, आमच्या व्याह्यांचं मत असं, असं सुरू झालं. व्याही पिकअप घेऊन यायचे आणि दोघं मिळून किल्ल्यांना जायचे. तट हवा की नको यावर त्यांचं भांडण चालायचं ते अगदी प्लेनोच्या दारापर्यंत. शनिवारी मी घरी कपडे धूत बसायची आणि मला चक्क हेवा वाटायचा.

काका आता नाहीत. त्यांना शेवटचं पाहिलं ते दोन हजार आठ साली. लग्न होऊन मी न्यू जर्सीतल्या एडिसनला आले होते. आई-बाबांचा व्हिसा नाकारला गेल्यामुळे आमच्या नव्या घरात अजून एकाही वडीलधाऱ्याचं पाऊल पडलं नव्हतं. मीनल तिकडे कसल्याशा कॉन्फरन्सला आली, तर काकाही तिच्याबरोबर आले. हातात काठी आली होती, पण टोपी तीच. उंबऱ्यात बूट काढले, वाकून जमिनीला हात लावला, तो कपाळाला टेकवला आणि मग आत येऊन बसले. मी ताटलीवर स्टीलच्या पेल्यातून पाणी आणलं.

काकांनी पेला हातात घेतला आणि मीनलकडे पाहिलं.

"लेकीच्या घरचं पाणी पीत नसतात," ते म्हणाले.

मी ताटली हातात धरून तशीच उभी राहिले. काकांनी पेला खिडकीकडे करून आत वाकून बघितलं, मग तो तळापर्यंत रिकामा केला आणि माझ्यापुढे धरला.

"आणखी आण."